कायममुकाम

छावणीतल्या मिशन कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा गेल्या महिन्यात झाला. त्या काळच्या कचेरीतला जिवंत माणूस मी एकटाच उरलो आहे, म्हणून मला रिक्षा पाठवून नेलं. जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "मुन्शीकाका, तो कायममुकामचा किस्सा होऊन जाऊ द्या." मी सांगितला. चाळीस वर्षं सांगत आलो आहे. कुठं थांबायचं, कुठं डोळे मोठे करायचे, सगळं पाठ झालेलं आहे.

किस्सा असा. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चाले. आमच्या कॉलेजला एकदा कायमचा सदर, म्हणजे प्रमुख, नेमायचा होता. कागद लिहिणारा मुन्शी मराठी. त्यानं लिहिलं 'कायममुकाम'. त्याला वाटलं, कायम म्हणजे कायम आणि मुकाम म्हणजे मुक्काम, म्हणजे हा माणूस आता इथं कायमचा मुक्कामाला! पण उर्दूत त्या शब्दाचा अर्थ बरोबर उलटा आहे. दुसऱ्याच्या जागेवर तात्पुरता बसवलेला माणूस म्हणजे कायममुकाम. कायमचा करायला गेले आणि कागदानं तात्पुरता करून टाकला.

लोक हसले. मागच्या रांगेतला एक पांढऱ्या केसांचा गृहस्थ मात्र हसला नाही. तो म्हणाला, "मी बोर्डिंगातला. त्या शब्दानंतर आम्ही घरी गेलो ते परत आलो नाही." रागानं नव्हे, नुसतं सांगावं तसं म्हणाला, हात धुतले आणि निघून गेला.

तो मुन्शी मी. आणि मला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता.

ज्यांच्याबद्दल तो शब्द लिहिला ते फादर गाब्रिएल. त्यांना ओळखणारी माणसं आता फारशी राहिली नाहीत, म्हणून आधी ते कसे होते ते सांगतो.

कॉलेज म्हणजे इंटरपर्यंतचे वर्ग, एक चर्च आणि घोड्यांच्या जुन्या तबेल्यातलं बोर्डिंग. फाटकावरच्या दगडात मात्र 'कॅथलिक युनिव्हर्सिटी' असं कोरलेलं होतं. पहिल्या फ्रेंच सदरांनी मोठं मनात धरून आधी फाटक बांधलं, आणि फाटक पुरं झालं त्याच साली ते हिवतापानं गेले. युनिव्हर्सिटी फाटकाच्या पुढं सरकली नाही. पण त्या दगडामुळं आमच्या प्रमुखाला प्रिन्सिपॉल न म्हणता प्रेसिडेंट म्हणत, आणि सरकारी उर्दूत सदर. टांगेवाले स्टेशनवर ओरडत, "उन्वरसिटी, उन्वरसिटी!" आणि उतरलेला पाहुणा आत येऊन विचारी, ती कुठं आहे?

सदर एकापाठोपाठ एक येत आणि जात. दुसरे आयरिश, त्यांना दम्यानं परत नेलं. तिसरे फ्रेंच, त्यांना वरच्यांनी दुसरीकडं बोलावलं. चौथे जर्मन. एक गेला की दुसरा बोटीनं येईपर्यंत कधी पाच महिने जात, कधी अकरा, एकदा तर दीड वर्ष गेलं. त्या मधल्या काळात कारभार फादर गाब्रिएलांकडं असे. नवा सदर आला की ते पुन्हा आपल्या वर्गावर. असं तीनदा झालं. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. ते इथलेच होते, आणि सदर बाहेरून यायचा असतो असा सगळ्यांचा समज होता.

ठेंगणे, सावळे, अंगावरच्या पांढऱ्या झग्याला दोन्ही कोपरांवर ठिगळं, पायात गावच्या वहाणा. वैजापूरकडचे. त्यांचं घर गावकुसाबाहेरचं, वडील गावाची वेस राखायचे. एका दुष्काळात मिशननं त्यांना उचलून शाळेत घातलं आणि ते पाद्री होऊनच बाहेर आले. लॅटिन, इंग्रजी, उर्दू, तिन्ही भाषा चांगल्या येत. मराठी बोलत ती मात्र वैजापूरची. चर्चमध्ये लॅटिन प्रार्थना म्हणतानाही ओळीच्या शेवटी तो गावचा हेल लागे, आणि जर्मन सदर डोळे मिटून घेत.

शिपाई कादरभाई त्यांना जिब्रील साब म्हणे. "गाब्रिएल बोलो, जिब्रील बोलो, फरिश्ता एकीच है ना साब."

"व्हय, पण फरिश्त्याला बढती नसती, कादरभाई. तेच्यामुळं जमून गेलं बघा."

मधल्या माणसाच्या अधिकारांबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी काही नवं मागायला आलं की म्हणत, "मला सुरू करायचा अधिकार नाय. बंद करायचा बी नाय. मला फक्त चालू ठेवायचा अधिकार हाय." हे ते हसत म्हणत, पण पाळत अगदी कडक. आयरिश सदर जाताना छत्री विसरून गेले होते. फादरांनी ती यादीत लिहून घेतली, आणि एकदा स्टेशनपासून फाटकापर्यंत भर पावसात ती मिटलेली छत्री काखेत धरून चिंब भिजत आले. फाटकात तालिमात, म्हणजे शिक्षण, खात्याचे इन्स्पेक्टर उभे. ते म्हणाले, "हजरत, छत्री रहते हुए भीगे कैसे?"

"साहब, ये सदर साहब की है."

"तो आप कौन?"

"मैं दरमियान हूँ."

इन्स्पेक्टर पोट धरून हसले. पुढं गावात कितीतरी दिवस कुणी 'कसं काय?' विचारलं की लोक 'दरमियान' म्हणत.

नव्या सदराकडं कारभार सोपवायचा, त्याला तेव्हा जायजा देणं म्हणत. वस्तूंची यादी करायची, दोघांनी सह्या करायच्या, संपलं. फादर गाब्रिएलांनी त्याचा एक सोहळाच करून टाकला होता. यादी ते मराठीत लिहीत. दिवस ठरला की शिपाई, माळी, स्वयंपाकीण, झाडूवाला, सगळ्यांना कचेरीत उभं करत आणि यादी मोठ्यानं वाचायला लावत. मी एक ओळ मराठीत वाचायची, मग तीच नव्या सदरांना इंग्रजीत सांगायची. इंग्रजी त्यांना स्वतःला येत असताना हा खटाटोप कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "ज्यांचा जायजा चाललाय त्यांना तर कळू द्या, मुन्शी."

ती यादी साधी नसे. 'विहीर एक, पाणी गोड, चैत्रात उपसू नये.' 'चिंचा सात, त्यांतली फाटकाजवळची आंबट नाही.' 'माळी एक, सखाराम, डावा गुडघा दुखतो, त्याला शिडीवर चढवू नये.' 'घंटा एक, सकाळी दोरी ओली असली की उशिरा वाजते, कादरभाईंचा दोष नाही.' आणि शेवटची ओळ नेहमी एकच: 'बोर्डिंग एक, चालू.'

मी ब्राह्मण, पैठणचा. कॉलेजातलं पाणी पीत नसे. घरून पितळी तांब्या आणी आणि कचेरीच्या खिडकीत ठेवी. त्यावरून कधी कुणी बोललं नव्हतं. फ्रेंच सदरांना जायजा देताना मी ओघात वाचत गेलो: 'तांब्या एक, पितळी, मुन्शींचा. मिशनचा नाही. कुणी शिवू नये.' सगळे माझ्याकडं बघू लागले. मला ते इंग्रजीत सांगावं लागलं. सदरांनी विचारलं, का शिवू नये? फादर गाब्रिएल चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता त्यांना इंग्रजीत म्हणाले, इथला रिवाज आहे.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. "फादर, हे काय लिहिलंत?"

"खोटं हाय का? खोटं असंल तर खोडतो. द्या पेन."

मी पेन दिलं नाही. त्यानंतरच्या यादीतही तांब्या होता.

बोर्डिंग हा त्यांचा जीव होता. वैजापूर, गंगापूर, बिडकीनकडच्या वाड्यावस्त्यांतली पोरं तिथं राहून शिकत. बहुतेक गावकुसाबाहेरची, काही धनगरांची, चार-दोन मुसलमान विणकरांची. प्रत्येक नव्या सदराला आल्या आल्या वाटे की युनिव्हर्सिटीच्या फाटकाशी ही तबेल्यातली वस्ती शोभत नाही. प्रत्येक सदर ती मोडायला निघे, आणि मोडण्याआधी बदलून जाई. जर्मन सदर नेटाचे होते. त्यांनी लेखी हुकूम काढला की बोर्डिंगची चूल आजपासून बंद. फादरांनी माळ्याकडून चूल पाडली, विटा मोजून कोठीत ठेवल्या आणि पावती घेतली. आठ दिवसांनी सदरांना तबेल्यातून भाकरीचा वास आला. ते तरातरा गेले. पोरं जेवत होती. फादर स्वतः वाढत होते.

"चूल बंद करायला सांगितली होती," सदर म्हणाले. पोरांनाही कळावं म्हणून मी ते मराठीत सांगितलं.

"चूल बंद हाय. सांगा त्यांना, इटा मोजून घ्या. स्वयंपाक माझ्या खोलीत व्हतो. माझी चूल हुकमात नाय."

सदर लाल झाले आणि मग हसले. बोर्डिंग चालू राहिलं.

मग युद्ध आलं. जर्मन सदरांना सरकारनं एका सकाळी मोटारीत घालून नेलं, आणि चौथ्यांदा कारभार फादर गाब्रिएलांकडं आला. आता बोटी बंद होत्या, नवा माणूस यायचा तरी कुठून? चार महिन्यांनी बिशप स्वतः आले. म्हातारे, थकलेले, पण कामाचे. त्यांनी दोन दिवस सगळं पाहिलं, तबेल्यात पोरांबरोबर बसून जेवले, आणि निघायच्या आदल्या दुपारी फादरांना सांगितलं की आता बाहेरून कुणी नको, तुम्हीच कायमचे सदर.

त्या दुपारी फादर जसे कचेरीत आले तसे मी त्यांना आधी आणि नंतर कधी पाहिले नाहीत. हातात फक्कीचं घमेलं होतं. कादरभाईंना दोरी धरायला लावून चिंचांच्या पलीकडं मोकळ्या जागेत ते स्वतः रेघा मारत सुटले. "ही पडवी. हे झोपायचं. इकडं चूल, चांगली मोठी." बोर्डिंगला सरकारी मंजुरी मिळाली की ते कुणाला मोडता येणार नव्हतं, आणि ती मंजुरी मागायला कायमच्या सदराचीच सही लागे. इतकी वर्षं तेवढ्यासाठी अडलं होतं. त्यांनी गावोगाव निरोप धाडले, पुढल्या साली आणखी पोरं पाठवा. फक्कीनं पांढरे झालेले हात घेऊन ते माझ्या मेजाशी आले आणि हसत म्हणाले, "मुन्शी, आता मला उसनी जीभ नको बघा. सुरू करायचा अधिकार आला."

ते गमतीनं म्हणाले होते. मी ते गमतीनं घेतलं नाही.

गोऱ्या सदराला उर्दू येत नसे म्हणून मुन्शी लागे. ज्या सदराला उर्दू माझ्याइतकी येते त्याला मुन्शी कशाला? घरी आई होती, बायको, लग्नाच्या दोन बहिणी. हे कारण मी माझ्या मनाला बरेचदा सांगितलं आहे आणि ते खरंही आहे. पण आणखी एक होतं, ते लिहायला हात जड होतो. सदर कचेरीत आले की मी उठून उभा राहत असे. गोऱ्या माणसासाठी उठताना मला कधी काही वाटलं नाही. फादर गाब्रिएलांसाठीही उठत होतो, कारण ते काही महिन्यांपुरतं होतं. आता ते रोज, नोकरी संपेपर्यंत करावं लागणार होतं.

बिशपांनी आपल्या हातानं इंग्रजीत दोन ओळी लिहून दिल्या. त्यांची उर्दू करून, त्यांची सही घेऊन कागद तालिमात खात्याकडं जायचा होता. कायमच्या नेमणुकीला उर्दूत 'मुस्तकिल' असा शब्द आहे. रोजचा शब्द, मी शेकडो कागदांवर लिहिला होता. मुस्तकिल मीम या अक्षरानं सुरू होतो, कायममुकाम काफनं. मी कलम शाईत बुडवली आणि काफ काढला. पुढचं अक्षर सफाईनं आलं.

बिशपांना उर्दू वाचता येत नव्हती. फादर गाब्रिएल दारातच होते. मी कागद त्यांच्यापुढं धरला, आणि त्या घडीला मला खरंच वाटलं होतं की त्यांनी वाचावा, भडकावं आणि सगळं तिथंच मिटावं. त्यांनी तोंड फिरवलं. "माझ्याबद्दलचा कागद मीच कसा वाचू, मुन्शी? बरं दिसतं का?" बिशपांनी सही केली. कादरभाईंनी कागद नेला.

बिशप महिन्याभरात दौऱ्यावरच तापानं गेले.

फादरांनी बोर्डिंगच्या मंजुरीचा अर्ज केला होता. वडार पाया खणायला येऊन बसले होते. अर्जाचं उत्तर आलं की आपल्या नेमणुकीच्या कागदाप्रमाणं आपण कायममुकाम सदर आहात, आणि कायममुकाम सदराला असा अर्ज करण्याचा अधिकार नाही. फादरांनी ते उभ्यानं वाचलं. मग माझ्या मेजावर ठेवून त्या शब्दावर बोट ठेवलं.

"मुन्शी, हे काय हो?"

मी दौतीचं झाकण लावलं. त्यांनी झाकणाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग त्यांनी स्वतःच म्हटलं, "कायम... मराठीत कायम म्हंजी कायमच की. कान मराठी हाय तुमचा. व्हतं असं." आणि बोट उचललं.

हा किस्सा असा सुरू झाला. तो त्यांनी मला दिला, आणि मी घेतला.

ते रेल्वेनं बिशपांच्या कचेरीत जाऊन आले. तिथले नवे चिटणीस म्हणाले, चूक झाली असेलही, पण बिशप काय म्हणाले होते याला पुरावा काय? त्यांच्या हातचा इंग्रजी कागद दाखवा, उद्या दुरुस्ती करतो. नाहीतर सरकारी कागद सांगतो तेच खरं धरावं लागेल, आणि जागा रिकामी आहे असं समजून माणूस पाठवावा लागेल.

तो कागद फादरांनी तीन दिवस शोधला. फायली उपसल्या. चर्चच्या पेट्या उघडल्या. रद्दी ज्या वाण्याकडं जाई त्याच्या दुकानात शहागंजला जाऊन पुड्या सोडून पाहिल्या. सखाराम माळ्यानं आपणहून खताचा खड्डा उकरला. तिसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या मेजाशी आले. झग्यावर धूळ, डोळे खोल गेलेले. म्हणाले, "मुन्शी, पाया पडायचा मला नेम नाय, पण लई पोरं हाईत हो. बघा ना कुठं हाय का."

"मी सगळीकडं पाहिलं, फादर."

"खण?"

मेजाच्या खणाला कुलूप नव्हतं. त्यांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. "तुमचा खण हाय. तुमीच बघा."

मी खण ओढला. हात आत घातला. कागद वरच होता, बोटांना लागला. त्याची घडी, त्याची कड मला आजही बोटांवर जाणवते.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्याच संध्याकाळी त्यांनी चिटणीसांना लिहिलं की कागद मिळत नाही, चूक मुन्शींच्या मराठी कानाची आहे, त्यांना दोष देऊ नये आणि नोकरीवरून काढू नये. ते पत्र टपालात टाकायला त्यांनी माझ्याकडंच दिलं, उघडं.

नवे सदर बेल्जियन, आधीपासून मुंबईकडं काम करणारे. ते येण्याआधीच त्यांचा हुकूम आला की मंजुरी नसलेलं बोर्डिंग ठेवता येत नाही. ते अजून रुजू झालेले नसल्यानं बंद करण्याचं काम मधल्या माणसावर पडलं. आयुष्यात पहिल्यांदा फादरांना काहीतरी बंद करावं लागलं. गावांहून बाप आले. कुणी भांडलं नाही. वळकट्या डोक्यावर घेऊन ते पोरांना घेऊन स्टेशनकडं, नाहीतर पायी वैजापूरच्या रस्त्याला लागले. एकानं विचारलं, "फादर, पुन्हा कधी धाडू?" ते म्हणाले, "कळवतो." फक्कीच्या रेघांवरून लोक चालत होते, तीन-चार दिवसांत तिथं काही दिसेनासं झालं. वडार आपली कुदळी-फावडी घेऊन आधीच गेले होते.

माझी नोकरी टिकली. सात वर्षं. मग पोलीस कारवाई झाली, राज्य गेलं, उर्दू गेली, आणि मुन्शीची जागाही गेली. फादर गाब्रिएल त्याआधीच रोटेगावच्या पलीकडच्या एका खेड्यात, दुसऱ्या एका फादरांच्या हाताखाली गेले होते. तिथंच वारले. रोटेगाव इथून रेल्वेनं काही तासांवर आहे. मी गेलो नाही. बिशपांचा कागद त्या खणातून माझ्या घरी आला, आणि तो आज या मजकुराला टाचून ठेवतो आहे. त्यात 'पर्मनंट' हा शब्द स्वच्छ अक्षरात आहे. तो बघायला आता कुणाला बोलावू?

शेवटचं त्यांना पाहिलं ते बेल्जियन सदरांना जायजा दिला तेव्हा. नेहमीप्रमाणं सगळे उभे. यादी फादरांच्या अक्षरात, माझ्या हातात. मी वाचत गेलो आणि इंग्रजीत सांगत गेलो. विहीर एक. चिंचा सात. छत्री एक, आयरिश सदरांची, अजून मिटलेली. माळी एक, आता दोन्ही गुडघे. तांब्या एक, पितळी, मुन्शींचा. विटा, बोर्डिंगच्या चुलीच्या, मोजून ठेवलेल्या. मग जिथं दर वेळी 'बोर्डिंग एक, चालू' असे तिथं होतं: 'तबेला एक, रिकामा.' स्वयंपाकीणबाईंनी पदर तोंडाला लावला.

मला वाटलं यादी संपली. पण खाली आणखी एक ओळ होती. ती अशी: 'मुन्शी एक. उर्दू उत्तम. शब्द चुकत नाही. कामावर ठेवावा.'

मी ती मनात वाचली. पुन्हा वाचली. नवे सदर माझ्या तोंडाकडं बघत थांबले होते. सखाराम, कादरभाई, सगळेच थांबले होते. कादरभाई हळूच म्हणाले, "आगे पढो ना, मुन्शीजी."

मी यादीची घडी घातली. सदरांना इंग्रजीत सांगितलं, संपली.

फादर गाब्रिएलांना इंग्रजी येत होती. ते पुढं आले, माझ्या हातातून यादी घेतली, मेजावर पसरली आणि सहीसाठी वाकले. नावाखाली त्यांनी हुद्दा उर्दूत लिहिला, शाळकरी मुलासारखा, एकेक अक्षर सुटं करून: काफ, अलिफ... मग कागद माझ्याकडं सरकवला.

"मुन्शी, शब्द बरोबर लिहिलाय का मी?"

"बरोबर आहे, फादर."

"तुमी म्हणता म्हंजी असणारच," ते म्हणाले. खुंटीवरची आपली पिशवी घेतली, खिडकीतल्या माझ्या तांब्याला झग्याची बाही लागू नये म्हणून अंग चोरलं, आणि दारातून बाहेर पडले.